रोल फोडले, चांदी काढली. उरलेली चिल्लर भरायची कुठे?

हाफ डॉलरची एक पेटी म्हणजे कागदी वेष्टणांच्या रोलमध्ये गुंडाळलेली १,००० नाणी, ५०० डॉलर आणि सव्वाअकरा किलोहून जरा जास्त वजन. बँकेतून गाडीपर्यंत नेताना ते वजन जाणवत नाही. आत चांदी असेल या आशेवर माणूस काहीही उचलतो. मग दोन संध्याकाळी बसून सगळे रोल फोडायचे. एखादं चांदीचं नाणं निघतं, कधी तेही नाही, आणि तोच सव्वाअकरा किलो धातू गॅरेजच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसतो.

मी न्यू जर्सीत राहते. मुलाला मित्रामुळे नाण्यांचा नाद लागला, दोन महिन्यांत त्याचा उतरला आणि माझ्या अंगात शिरला. नाणी शोधायची कशी हे सांगणारे पुष्कळ भेटले. उरलेल्या चिल्लरचं काय करायचं, हे मात्र चुका करत शिकावं लागलं. अमेरिकेत हा छंद नुकताच सुरू केलेल्यांसाठी त्या चुकांमधून जमलेलं इथे लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी चार ओळी. १९६४ पर्यंतचे डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) ९० टक्के चांदीचे. १९६५ ते १९७० च्या हाफ डॉलरमध्ये ४० टक्के चांदी. १९४२ ते १९४५ या युद्धकाळातल्या काही निकेलमध्ये, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यांत, ३५ टक्के. त्यांची खूण म्हणजे मागच्या बाजूला मॉन्टिसेलो या वाड्याच्या घुमटावर टांकसाळीचं ठसठशीत अक्षर. १९८२ च्या आधीच्या बहुतेक पेनी (एक सेंट) ९५ टक्के तांब्याच्या. बँक ही सगळी नाणी दर्शनी किमतीला देते. आपण घ्यायची, चाळायची, हवी ती ठेवायची आणि बाकीची परत करायची. ५०० डॉलरची नाणी ५०० डॉलरचीच राहतात, म्हणून या छंदात तोटा नाही असं म्हणतात. फक्त ती परत भरता आली पाहिजेत.

पहिली पेटी मागवण्याआधी

नवखी माणसं पेटी आधी आणतात आणि परतीची वाट नंतर शोधतात. उलटं करा. दोन बँका ठरवा: एक उचलीची, एक भरण्याची. उचलीच्या बँकेतून नाणी आणायची, भरण्याच्या बँकेत परत द्यायची. दोन्हीकडे खातं हवं. कमीत कमी शिल्लक ठेवायची अट नसलेलं साधं बचत खातं पुरतं.

एकाच बँकेत दोन्ही का नको? शाखेत नाण्यांच्या पेट्या चिलखती गाडीतून येतात. ती ने-आण फुकट नसते. तुम्ही सोमवारी पेटी नेली आणि गुरुवारी तीच नाणी सुटी करून काउंटरवर ओतली, तर शाखेला एकदा मागवण्याचं काम आणि दुसऱ्यांदा पाठवण्याचं काम, आणि मिळकत काहीच नाही. दोन-तीनदा झालं की मॅनेजर बाहेर येतो आणि पुढच्या वेळी पेटी मिळत नाही. माझ्याबाबतीत हे अक्षरशः असंच घडलं, आणि चूक माझी होती.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. त्याच काळात मी तपासलेल्या हाफ डॉलरपैकी एकावर नखपॉलिशचा बारीक ठिपका दिला होता, नाणी जातात कुठे ते बघावं म्हणून. तीन आठवड्यांनी नवीन पेटी फोडली तर हाफ डॉलरवरचे ठिपकेवाले केनेडीसाहेब समोर हजर! मी माझंच उष्टं पुन्हा विकत घेऊन चाळत होते. आसपासच्या शाखांची नाणी बऱ्याचदा एकाच तिजोरीघरात जमा होतात आणि तिथूनच परत वाटली जातात, त्यामुळे वेगळी बँक धरली तरी पूर्ण खात्री नसते. तरीही निदान सरळ चक्र तरी तुटतं. ठिपका देण्याचा उद्योग मात्र करू नका. रंग दुसऱ्यांच्या हाताला आणि यंत्राला लागतो.

भरण्याची बँक निवडताना मोठं नाव बघू नका. क्रेडिट युनियन ही आपल्या पतपेढीची अमेरिकेतली मावसबहीण. सभासदांच्या मालकीची संस्था, आणि अनेक ठिकाणी लॉबीत नाणी मोजायचं यंत्र ठेवलेलं असतं, सभासदांना फुकट किंवा थोड्या शुल्कात. असं यंत्र असलेली क्रेडिट युनियन वीस मिनिटांवर असेल तरी पाच मिनिटांवरच्या बँकेपेक्षा ती बरी.

फोन करून विचारा. प्रश्न सरळ असावेत: नाणी फक्त खातेदारांकडून घेता का? सुटी घेता की रोल करूनच? एका वेळी किती चालतील? यंत्र आहे का, त्याला काही कापून घेता का? आणि शेवटचा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही आणि ज्याने सगळ्यात जास्त काम होतं: तुम्हाला कोणता दिवस आणि कोणती वेळ सोयीची? हा प्रश्न ऐकल्यावर फोनवरचा आवाज बदलतो. फोनवरचं उत्तर आणि शाखेतलं उत्तर वेगळं निघू शकतं, म्हणून शक्यतो त्या शाखेचाच नंबर लावा, मुख्यालयाचा नको.

चाळताना हिशेब ठेवा

पेटी फोडताना शेजारी वही ठेवा. किती रोल, कोणती नाणी बाजूला काढली, किती परत जाणार. बँकेच्या पेटीतले रोलही नेहमी अचूक नसतात. कधी २० ऐवजी १९ हाफ डॉलर निघतात, कधी क्वार्टरच्या रोलमध्ये कॅनडाचं नाणं. म्हणून "पेटी ५०० ची होती, दोन काढली, म्हणजे ४९९ परत" असं गृहीत धरू नका. मोजा.

अमेरिकन रोलचा हिशेब असा असतो: पेनी ५०, म्हणजे अर्धा डॉलर, निकेल ४०, दोन डॉलर, डाइम ५०, पाच डॉलर, क्वार्टर ४०, दहा डॉलर, हाफ डॉलर २०, तेही दहा डॉलर. पेटीत यांचे ५० रोल. म्हणजे पेनीची पेटी २५ डॉलरची, निकेलची १००, डाइमची २५०, क्वार्टर आणि हाफ डॉलरची ५००. पहिल्यांदा करणाऱ्याने पेनी किंवा निकेलपासून सुरुवात करावी. चूक झालीच तर खिशाला परवडते.

परत जाणाऱ्या ढिगातून तीन गोष्टी वेगळ्या काढा. परदेशी नाणी, वाकलेली-भोक पडलेली नाणी, आणि कागदाच्या चिंध्या. चिंध्या कशाला, असं वाटेल. पण फोडलेल्या रोलच्या वेष्टणाचे तुकडे नाण्यांत राहतात आणि बँकेचं यंत्र अडकतं ते बहुतेक वेळा त्यांनीच. चिकट नाणीही तशीच. सोडा सांडलेल्या गाडीतली चिल्लर कुणी तरी भरलेली असते, ती तशीच पुढे ढकलू नका.

परदेशी नाण्यांत आपलीही सापडतात बरं का. हाताने केलेल्या एका निकेलच्या रोलमध्ये मला भारताचा रुपया मिळाला, २०११ नंतरचा, ₹ चिन्ह असलेला. त्याचा व्यास २१.९३ मिलिमीटर आणि निकेलचा २१.२१, त्यामुळे कागदात तो बरोब्बर मावला होता. पाच सेंटांना रुपया. त्या दिवशीच्या भावाने मी तीन-एक रुपयांचा तोटा सहन केला आणि तो देवघरात ठेवला.

वजनाने मोजायची युक्ती

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या छंदात फार कामाचा आहे. आजचा डाइम २.२६८ ग्रॅम, क्वार्टर ५.६७, हाफ डॉलर ११.३४. या आकड्यांकडे नीट बघा. वजन किमतीच्या प्रमाणात आहे. एक डॉलर किमतीचे डाइम घ्या, क्वार्टर घ्या की हाफ डॉलर, वजन तेच: २२.६८ ग्रॅम. वीस डॉलरचं वजन ४५३.६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक पाउंड. चांदीच्या जमान्यात, १८७३ च्या कायद्याने या तिन्ही नाण्यांची वजनं डॉलरला २५ ग्रॅम या प्रमाणात बांधून दिली होती. चांदी गेली तरी प्रमाण राहिलं.

याचा उपयोग असा: डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर एकत्र मिसळलेल्या पिशवीचं वजन पाउंडात घ्या, वीसने गुणा, झाली किंमत. घरच्या काट्यावर डॉलर-दोन डॉलरचा फरक पडेल, पण यंत्राने वीस-तीस डॉलर कमी दाखवले तर लगेच कळेल. एकेक रोल तपासायचा तर क्वार्टरचा आणि हाफ डॉलरचा २२६.८ ग्रॅम, डाइमचा ११३.४, निकेलचा २००. कागदाचं वजन आधी वजा करून घ्या.

पेनीला ही युक्ती लागू नाही. जुनी तांब्याची पेनी ३.११ ग्रॅम आणि १९८२ नंतरची जस्ताची २.५. पन्नास पेनींचा रोल १२५ ग्रॅमपासून १५५ पर्यंत काहीही भरू शकतो. तुम्ही तांब्याच्या सगळ्या काढून घेतल्या असतील तर मग उरलेल्या २.५ च्याच, आणि हिशेब पुन्हा जमतो.

सुटी की रोल करून?

याचं एकच उत्तर नाही. तुमच्या बँकेला काय हवं तेच उत्तर. तरी तिन्ही मार्गांबद्दल माझं मत सांगते.

लॉबीतलं यंत्र सगळ्यात उत्तम. टेलरचा, म्हणजे काउंटरवरच्या रोखपालाचा, वेळ जात नाही, तुमचं नाव कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मात्र ओतू नका, वाहू द्या. मूठमूठ सोडा, यंत्राला पचू द्या. आधीच्या माणसाची काही नाणी परतीच्या ट्रेमध्ये अडकली आहेत का ते सुरू करण्याआधी बघा, आणि आपली शेवटी बघा. पावती आली की वहीतल्या आकड्याशी ताडा. यंत्रावर आंधळा विश्वास नको. टीडी बँकेने आपल्या शाखांमधली 'पेनी आर्केड' नावाची मोजणीयंत्रं २०१६ मध्ये कायमची बंद केली, कारण ती नाणी कमी मोजतात हे एका टीव्ही वाहिनीच्या चाचणीत दिसलं होतं. यंत्राची पिशवी भरली की ते मध्येच थांबतं; अशा वेळी निघून जाऊ नका, टेलरला सांगा, आणि अर्धवट पावती हातात ठेवा.

सुपरमार्केटच्या दारातल्या कॉइनस्टारसारख्या यंत्रांकडे या छंदासाठी जाऊच नका. रोख घेतली तर शंभरामागे दहा डॉलरहून जास्त कापले जातात. दर्शनी किमतीला घेतलेली नाणी तिथे टाकणं म्हणजे शंभरची नोट देऊन नव्वद घेणं. ठरावीक दुकानांचं गिफ्ट कार्ड घेतलं तर कापत नाहीत, आणि त्या दुकानातून तुम्ही एरवीही खरेदी करणारच असाल तर पेनींचा ढीग संपवायला तेवढा मार्ग ठीक.

सुटी नाणी काउंटरवर द्यायची असतील तर प्रत्येक प्रकार वेगळ्या पिशवीत हवा. अनेक शाखांत ही पिशवी तशीच सीलबंद होऊन तिजोरीघराकडे जाते आणि मोजणी तिथे होते. मग तुमच्या खात्यावर आधी तुम्ही सांगितलेली रक्कम जमा होते, आणि काही दिवसांनी खरी मोजणी आली की फरक वळता किंवा जमा होतो. इथे वहीतला आकडा तुमचा साक्षीदार. पिशवीचा फोटोही काढून ठेवा, काट्यावर ठेवलेला.

तिसरा मार्ग रोलचा. कंटाळवाणा, पण सगळ्यात जास्त शाखांत चालणारा. शिवाय केलेले रोल टेलरच्या खणात जातात आणि दुपारी कुठल्या तरी दुकानदाराला देता येतात, त्यामुळे क्वार्टरचे रोल तर काही शाखा आनंदाने घेतात. लाँड्रीवाले, कार वॉशवाले, पार्किंगवाले यांना क्वार्टर लागतातच.

रोल करायची पद्धत

कोरी वेष्टणं बँकेतच मिळतात, बहुधा फुकट. प्रत्येक नाण्याचा रंग ठरलेला आहे: पेनीला लाल, निकेलला निळा, डाइमला हिरवा, क्वार्टरला नारिंगी. चपटी मिळतात तशीच एक टोक आधीच दुमडलेलीही मिळतात. दुसरी घ्या. चपट्या वेष्टणात पहिलं नाणं आडवं बसवण्यात जो वेळ जातो त्यात दोन रोल होतात.

नाण्यांची चळत टेबलावर रचा. पहिली चळत नीट मोजून, बाकीच्या तिच्या उंचीला लावून. मग मुठीत चळत धरून वेष्टणात सरकवा आणि वरचं टोक अंगठ्याने आत दाबत गोल फिरवा. टेप लावू नका, टेलरला फोडताना त्रास होतो. खडखड वाजणारा रोल कमी भरलेला असतो. घट्ट रोल वाजत नाही. बँकेच्या पेटीतून आलेली, यंत्राने गुंडाळलेली जुनी वेष्टणं पुन्हा वापरायचा मोह होईल. वापरू नका. ती फाटलेली असतात आणि वरून तो रोल यंत्राचा आहे असा समज होतो. रोलमधून चांदीचं नाणं काढलं असेल तर त्या जागी त्याच किमतीचं साधं नाणं घालायला विसरू नका. एकदा कमी भरलेला रोल निघाला की पुढच्या प्रत्येक वेळी तुमचे सगळे रोल फोडून मोजले जातात, आणि रांगेतली माणसं तुमच्याकडे बघत राहतात.

काही बँका प्रत्येक रोलवर नाव किंवा खाते क्रमांक लिहायला सांगतात. सांगितलं तरच लिहा. पन्नास रोल करायला मला दीड तास लागतो. तेवढ्यात एक पॉडकास्ट आणि वरणाच्या दोन शिट्ट्या होतात.

काउंटरवर

न्यायची कशात, याचं उत्तर आपल्या घरात तयार असतं: बासमतीची वीस पाउंडांची, चेन आणि कडी असलेली पिशवी. मघाच्या हिशेबाने तिच्यात तांदळाइतक्याच वजनाची चारशे डॉलरची नाणी जातात. त्याहून जास्त भरू नका. प्लास्टिकची दुकानातली पिशवी पार्किंगमध्येच फाटते, आणि बर्फात सांडलेले डाइम शोधायला लागणारा वेळ मी मोजलेला आहे.

गाडीत बसूनच व्यवहार करायच्या ड्राइव्ह-थ्रूला चिल्लर नेऊ नका. नळीतून जाणाऱ्या डब्याला वजन झेपत नाही आणि मागच्या गाड्या खोळंबतात. शुक्रवार दुपार, शनिवार सकाळ, महिन्याची पहिली आणि तिसरी तारीख टाळा; तीन तारखेला बऱ्याच ज्येष्ठांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, जमा होते. मंगळवार-बुधवारी सकाळी दहा-साडेदहा उत्तम. रांग असेल तर मागच्याला पुढे जाऊ द्या.

काय करता हे विचारलं तर खरं सांगा. "मी नाणी गोळा करते, पेट्या चाळते, ही उरलेली आहेत." मी सुरुवातीला मुलाच्या गल्ल्याची थाप मारत असे. दर आठवड्याला तीनशे डॉलर साठवणारा गल्ला! तिसऱ्या वेळी टेलर म्हणाली, तुमच्या मुलाला आमच्याकडे नोकरी द्यायला हवी. खरं सांगितल्यावर तीच मला लोकांनी आणून टाकलेले हाफ डॉलर बाजूला ठेवून द्यायला लागली. तिच्या खणात ते असेही नुसते पडूनच असत.

एका खेपेला एकच प्रकार न्या, आणि शंभर-दोनशे डॉलरपासून सुरुवात करा. पहिल्याच भेटीत पाचशेचे हाफ डॉलर ओतणारा गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही.

हाफ डॉलर आणि पेनी, दोघांची वेगळी कथा

हाफ डॉलर परत करणं सगळ्यात अवघड. २००२ पासून बरीच वर्षं टांकसाळीने ते फक्त संग्राहकांसाठी पाडले, दुकानांच्या गल्ल्यात त्यांना खण नसतो, गिऱ्हाईक ते मागत नाही. त्यामुळे शाखेसाठी ते निव्वळ अडगळ. अनेक यंत्रंही ते घेत नाहीत, म्हणून यंत्राबद्दल विचारताना हे वेगळं विचारा. मी महिन्याला एकच पेटी घेते आणि तिचे रोल दोन ठिकाणी वाटून भरते. काही रोल तर मी खर्चूनच टाकते: शेतकरी बाजारात, गणपतीच्या वर्गणीच्या डब्यात. मंडळाच्या खजिनदारांनी मला फोन करून विचारलं होतं की ही चालतात का. चालतात.

पेनीचं पारडं हल्ली बदललं आहे. एक पेनी पाडायला २०२४ च्या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट लागत होते, आणि १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. पेनी चलनात कायदेशीर आहेच, पण नवीन येत नाही. त्यामुळे कुठल्या शाखेला पेनी हव्याशा वाटतील आणि कुठली हात झटकेल याचा अंदाज आधी फोन करूनच घ्या. परवाचं उत्तर आज चालेल असं धरू नका. एक मोह मात्र टाळा: तांब्याच्या पेनी वितळवणं. पेनी आणि निकेल वितळवायला डिसेंबर २००६ पासून मनाई आहे. साठवा, पण भट्टी लावू नका.

कायद्याचं कलम, खास करून व्हिसावर असलेल्यांसाठी

एका दिवसात १०,००० डॉलरहून जास्त रोख भरली किंवा काढली की बँक सरकारकडे अहवाल पाठवते. रोख म्हणजे नोटा आणि नाणी दोन्ही. हा अहवाल म्हणजे संशय नव्हे, नेहमीचं कागदकाम आहे. घाबरून तो चुकवण्यासाठी रक्कम मुद्दाम तुकड्यातुकड्याने भरली, तर पैसे कितीही स्वच्छ असले तरी तोच गुन्हा ठरतो. घरगुती छंदात या आकड्याजवळ आपण जात नाही. क्वार्टरच्या वीस पेट्या लागतील, आणि त्यांचं वजन सव्वादोनशे किलो. पण दर आठवड्याला नाणी ये-जा करत असतील तर बँक विचारू शकते. तेव्हा पेट्या घेतल्याच्या आणि भरल्याच्या पावत्या एका पाकिटात असू द्या. वर मी म्हटलं की रोल दोन ठिकाणी वाटते, ते टेलरच्या सोयीसाठी.

बँक नको म्हणाली तर

भांडू नका. आपल्याकडचे लोक इथे एक चूक करतात: "चलन आहे, घ्यावंच लागेल" असा सूर लावतात. भारतात तो सूर काही अंशी खरा आहे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, आणि बँकांनी गिऱ्हाइकाकडून नाणी नाकारू नयेत अशा सूचना रिझर्व्ह बँक वेळोवेळी देत आली आहे. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पुड्या करून दिल्या तर काम सोपं होतं, हेही तिनेच सांगितलं आहे. पुण्याला किंवा पणजीला आई-बाबांच्या घरी डबाभर नाणी पडली असतील तर तिथे ते वापरा. अमेरिकेत नाणी कायदेशीर चलन असली तरी खासगी व्यवसायाने ती घेतलीच पाहिजेत असा संघीय कायदा नाही. खात्याच्या कराराप्रमाणे बँक मर्यादा घालू शकते, शुल्क लावू शकते. नको म्हणाली तर आभार मानून पिशवी उचला आणि पुढच्या महिन्यात निम्मी घेऊन या.

वारं फिरतंही. २०२० च्या उन्हाळ्यात कोविडमुळे नाणी फिरेनाशी झाली आणि फेडरल रिझर्व्हने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, १५ जूनपासून बँकांना नाणी रेशनवर द्यायला सुरुवात केली. तेव्हा विस्कॉन्सिनमधली एक बँक शंभर डॉलरच्या नाण्यांवर पाच डॉलर वर देत होती. त्या दिवसांत नव्या पेट्या मिळणं मुश्किल होतं, पण मी गॅरेजमधले साठलेले हाफ डॉलर सोडून सगळं भरून टाकलं, आणि कुणी नाक मुरडलं नाही.

शेवटचं काम, निघण्याआधी: यंत्राच्या परतीच्या ट्रेमध्ये हात घाला. चांदीच्या नाण्याचं वजन आणि धातू वेगळा असल्यामुळे यंत्र त्याला बऱ्याचदा खोटं समजून बाहेर टाकतं. तुमच्या नजरेतून निसटलेलं नाणं तिथे सापडतं. गेल्या महिन्यात मी एक अख्खी डाइमची पेटी चाळून, काही नाही म्हणत, क्रेडिट युनियनच्या यंत्रात सोडली. २,५०० मधला एकच डाइम यंत्राने तीनदा परत केला. चौथ्यांदा टाकण्याआधी चष्मा लावून साल बघितलं: १९५७.